दिंडीतून किती दिसते

दिंडी या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ आधी सांगितलेला बरा. तो ठाऊक नसेल तर पुढची कथा ऐकूनही न ऐकल्यासारखी होईल. जुन्या काळच्या मोठ्या प्रवेशद्वाराला दोन अजस्र कवाडे असत. ती आतून अडसर घालून बंद ठेवीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी त्यांपैकी एका कवाडाच्याच अंगात एक लहान दार कोरलेले असे. ते दार म्हणजे दिंडी. तिला खिडकी म्हणू नये, कारण खिडकीतून केवळ पाहतात. दिंडीतून माणूस वाकून, उंच उंबरा ओलांडून प्रत्यक्ष आत येतो. तिला चोरवाट म्हणणे तर अन्यायाचेच होईल, कारण ती उघड्यावर, सर्वांच्या देखत, मोठ्या दाराच्या संमतीने असते. मोठे दार न उघडता थोडेसे दार उघडता यावे, एवढ्यासाठीच तिची योजना. हे ध्यानात ठेवून कथा ऐकावी.

एकदा एक माणूस आपल्या वृद्ध आचार्यांना भेटायला निघाला. त्याने गुरुगृह सोडले त्याला बराच काळ लोटला होता. आता तो मसाल्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे मुख्य व्यवस्थापक होता. हळद, मिरची, धणे यांच्या खेपा दूरदूरच्या गावांना त्याच्या शब्दावर जात. विद्यार्थिदशेत तो एक श्लोक दिवसभर घोळवीत बसे. आता त्याला दोन वाक्यांपलीकडचे काही सलग वाचवत नव्हते, आणि याची त्याला लाज वाटावी इतकेही त्राण उरले नव्हते. तो थकला होता. झोपेने जाणारा तो थकवा नव्हता. झोपेतून उठल्यावर उशाशी वाट पाहत असणारा होता.

त्याच्या खिशातल्या फोनमध्ये कामाच्या ईमेलचे ॲप होते. त्याच्याविषयी तो कृतज्ञ होता, हेही सांगितले पाहिजे. आई रुग्णालयात असताना महिनाभर तो तिच्या पायाशी बसून राहू शकला तो या ॲपमुळे. एकदा भर लग्नमंडपात जेवणाच्या पंगतीत असताना चुकीच्या गोदामाकडे निघालेली मालमोटार त्याने एका ओळीच्या उत्तराने परत फिरवली होती, आणि शेजारी जिलेबी खात असलेल्या पाहुण्याला त्याचा पत्ताही लागला नव्हता. असे साधन वाईट कोण म्हणेल?

पण त्याच साधनाने त्याचा घात केला होता, किंवा त्याला तसे वाटत होते. प्रकार असा घडला. व्यापाऱ्याकडून एक ईमेल आले. व्यवस्थापक तेव्हा जिना उतरत होता. पडद्यावर वरच्या चार ओळी दिसत होत्या: नव्या हंगामात पाकिटांचा रंग बदलावा असे मनात आहे, सविस्तर मजकूर खाली जोडला आहे, आपली संमती असावी. त्याखाली तीन ठिपके होते. त्या ठिपक्यांच्या आड उरलेला मजकूर घडी घालून ठेवावा अशी त्या ॲपची रीत. ठिपक्यांवर बोट ठेवले तरच घडी उलगडते. त्याने बोट ठेवले, पण ठिपक्यांवर नव्हे. तळाशी ॲपने आपण होऊन काही तयार उत्तरे मांडली होती, त्यांतल्या ‘मान्य आहे’ या उत्तरावर. पाठवलेले परत घ्यायचे आहे का, असे ॲपने एका पट्टीत क्षणभर विचारलेही. मग ती पट्टी मावळली. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत तो हे सारे विसरून गेला.

त्या घडीत लिहिले होते की यापुढे मालाची तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी, आपली परीक्षणशाळा बंद करावी, आणि तेथील मुख्य परीक्षिका आवटीबाई यांना सेवेतून मुक्त करावे.

सेवामुक्तीचे पत्र निघाले ते ‘व्यवस्थापकांच्या संमतीने’ या शब्दांसह. आवटीबाई ते हातात घेऊन त्याच्या दालनात आल्या. सारी हयात त्यांनी या कारखान्यात काढली होती. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही वाचून संमती दिलीत ना? मग माझं काही म्हणणं नाही.”

आणि तो म्हणाला, “होय.”

आज संध्याकाळी आवटीबाई कारखान्याच्या दारातून शेवटच्या वेळी बाहेर पडणार होत्या. ते थांबवायचे तर व्यापाऱ्याला सांगावे लागणार होते की तुमच्या विश्वासू व्यवस्थापकाने न वाचताच मान डोलावली. न सांगावे तर एक निरपराध बाई जाणार. या पेचातून वाट काढण्यासाठी तो सकाळीच आचार्यांच्या पाठशाळेत येऊन पोहोचला होता.

पाठशाळा नदीच्या वळणावर, एका जुन्या बाजारपेठेच्या टोकाला होती. तिचे प्रवेशद्वार कधीकाळी धान्याच्या वखारीचे होते; म्हणून ते शाळेच्या मानाने फार मोठे, आणि त्याला वर वर्णन केलेली दिंडी. आचार्य अंगणात विद्यार्थ्यांना पाठ देत होते. त्यांनी हातानेच खूण करून त्याला जवळ बोलावले. त्याने नमस्कार केला आणि हलक्या आवाजात सर्व हकिगत सांगितली. सर्व म्हणजे, आवटीबाईंचा प्रश्न आणि आपले ‘होय’ एवढे सोडून.

“या ॲपनेच घोटाळा केला, गुरुजी,” शेवटी तो म्हणाला. “वाटतं की काढूनच टाकावं ते फोनमधून.”

आचार्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “पाठ अर्धा झाला आहे, तो पुरा करू दे. आमचा रखवालदार लेकीकडे बारशाला गेला आहे. तोवर तू दारात बस. सांभाळशील ना?”

“दाराचं काय एवढं,” शिष्य म्हणाला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या ताराक्कांनी मान वर केली. पाठशाळेचा स्वयंपाक त्या करीत आणि पाठशाळेतल्या सर्वांना बोलूनही घेत. “दिंडी घट्ट झालीय हो,” त्या म्हणाल्या. “बिजागरी गंजल्यात. साहेबलोकांच्या हाताला लागायची. आणि फोन जरा खाली ठेवा, दारात बसायचं म्हंजे डोळं दारात लागत्यात.”

शिष्य हसला आणि तिवई ओढून दारात बसला. दिंडी खरोखरच घट्ट होती. एकदा जोर लावून त्याने ती वीतभर उघडली आणि तशीच राहू दिली. येणाऱ्याचा चेहरा तेवढ्या फटीतून दिसत होता, बोलताही येत होते. मग उठून पुन्हा ओढाताण कशाला करा? दूधवाला आला, त्याने किटली आत सरकवली. शेजारच्या आजोबांना आचार्यांकडून पंचांगातले काही विचारायचे होते; शिष्याने ‘दुपारी या’ म्हणून त्यांना वाटेला लावले. त्यातच फोन थरथरला. मिरचीची एक खेप ओल लागलेल्या पोत्यांतून भरली जात असल्याचे गोदामातून कळवले होते. त्याने तत्काळ लिहिले, ‘भरणे थांबवा.’ पलीकडून लगेच उत्तर आले, ‘थांबवले.’ क्षणभर त्याच्या थकलेल्या अंगात जुना हुरूप चमकला. बसल्या जागी एक मोठे नुकसान टळले होते.

पण त्या एका ईमेलबरोबर इतरही पुष्कळ येऊन पडली होती. ॲपच्या चिन्हाच्या कोपऱ्यात लाल ठिपक्यावरचा आकडा फुगत होता, आणि तो आकडा पाहिला की त्याला तहान लागल्यासारखे होई. एक ईमेल त्याने डावीकडे सारले, एक उजवीकडे. एकाला ‘धन्यवाद’, एकाला ‘पाहतो’.

तेवढ्यात फटीत एक चेहरा दिसला. डोक्याला पटका, हातात कासरा. “पाठशाळेचंच दार न्हवं हे? आचार्यांनी शेतकामाला सांगितलेलं आणलंय. आत घेऊ का?”

“घ्या,” शिष्य पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

“इथनंच? मोठं कवाड...”

“घ्या, घ्या.”

माणूस बिचकला. पण आत बसलेला मनुष्य पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यातला, हातात फोन, बोलण्यात खात्री. त्याने खांद्याने दिंडी रेटली, ती किरकिरत पुरी उघडली. तो वाकून आत आला आणि कासरा ओढू लागला. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला तरणाबांड खिलार खोंड होता.

खिलार जातीचे देखणेपण ज्याने पाहिले आहे त्याला तिच्या शिंगांविषयी सांगायला नको. लांब, निमुळती, मागे झुकत वर गेलेली. धन्याच्या ओढण्याबरोबर खोंडाने मान खाली घातली, तिरकी केली आणि शिंगांसकट डोके आत आणले. आत आल्यावर, कोणतेही स्वाभिमानी जनावर करील तसे, त्याने डोके वर उचलले. शिंगे आतल्या बाजूने चौकटीला भिडली. पुढे यावे तर खांदे अडतात, मागे जावे तर शिंगे. खोंड भेदरला. त्याने दिलेल्या हिसड्याने ते प्रचंड कवाड वरपासून खालपर्यंत हादरले आणि चौकटीचा एक ढलपा उडून शिष्याच्या पायाशी पडला.

“अगं आई गं!” ताराक्का ओरडल्या. “दिंडीतनं बैल? अहो साहेब, दिंडीतनं बैल घेत्यात व्हय कुठं?”

“मला काय माहीत बैल आहे!” शिष्य किंचाळला. “हा एकटाच दिसत होता!”

“मी म्हनलं मोठं कवाड,” धनी रडवेला होऊन म्हणाला. “ह्येंनी म्हनलं, घ्या घ्या. शिकली-सवरली मानसं म्हनत्यात म्हटल्यावर आपुन काय बोलायचं? वाटलं, असंल इथली तशी रीत.”

“रीत!” ताराक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या. “मग हत्ती बी आनायचा हुता की!”

विद्यार्थी पाठ सोडून धावत आले. कुणी ढकला म्हणे, कुणी ओढा म्हणे, कुणी सुताराला बोलवा म्हणे. जितके जण तितके सल्ले, आणि प्रत्येक आरोळीबरोबर खोंडाच्या डोळ्यांतला पांढरा भाग वाढत होता.

आचार्य आले. “सगळे मागे व्हा,” ते म्हणाले. “आणि कुणीही बोलू नका.” मग धन्याकडे वळून, “त्याच्या कपाळावर हात ठेव. ओढू नकोस. नुसता ठेव.”

धन्याने हात ठेवला. बराच वेळ काही घडले नाही. खोंडाचा श्वास भात्यासारखा चालला होता, तो हळूहळू मंदावला. मग धन्याने त्याचे डोके खाली दाबले, तसेच तिरके केले, आणि पुटपुटला, “चल राजा, माघारी. चल.” जसे आले होते नेमके तसेच, खाली आणि तिरके होऊन, ते डोके दिंडीतून बाहेर गेले.

शिष्य भिंतीला टेकून उभा होता. पायाशी पडलेल्या ढलप्याकडे पाहत तो म्हणाला, “ही दिंडीच बंद करून टाका, गुरुजी. चार खिळे मारले की झालं. ती नसती तर हे घडलंच नसतं.”

आचार्य स्वयंपाकघराकडे गेले आणि एरंडेलाची वाटी घेऊन आले. दिंडीपाशी उकिडवे बसून त्यांनी तिच्या बिजागऱ्यांत बोटाने तेल सोडले. खालच्या, मग वरच्या. दिंडी दोन-चार वेळा उघडून मिटून पाहिली. किरकिर थांबेपर्यंत ते तेल घालीत राहिले.

ताराक्कांनाही हे चमत्कारिक वाटले. “जिनं घोळ केला तिलाच तेल?” त्या म्हणाल्या. “बरं हाय बाबा तुमचं शास्त्र.”

“तिने घोळ केला नाही, अक्का,” आचार्य बोटे पुसत म्हणाले. “ती घट्ट होती, म्हणून हा तिवईवरून उठला नाही, फटीतून जेवढे दिसले तेवढ्यावर ‘घ्या’ म्हणाला. सहज उघडली असती तर कदाचित एक पाऊल बाहेर टाकून पाहिले असते.” मग ते शिष्याकडे वळले. त्यांचा आवाज शांत होता, किंबहुना तेही थोडे थकलेले वाटले. “बाळ, दिंडीतून कोण आले हे दिसते, किती आले हे दिसत नाही. माणसाची ओळख पटवायला दिंडी पुरते, ओझे जोखायला पुरत नाही. कुणाला ‘थांब’ म्हणायचे असेल तर दिंडीसारखे दार नाही. सारे कवाड उघडीपर्यंत चोरही पळेल आणि पाहुणाही जाईल. पण ‘ये’ म्हणायचे असेल, तर उंबरा ओलांडून बाहेर जावे, कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहावे, आणि मग ठरवावे की हे दिंडीचे काम की कवाडाचे. मोठे कवाड मुद्दाम जड केलेले असते. त्याचा अडसर काढायला दोन माणसे लागतात, ती याचसाठी.”

शिष्य खाली पाहत राहिला.

“आणि तू दमला आहेस तो कामाने नव्हे,” आचार्य पुढे म्हणाले. “दूध आले की दार, शेजारी आला की दार, वारा आला की दार. घरधनीच दिवसभर दारात बसला तर घरात कोण आहे?”

विद्यार्थी पांगले. ताराक्का भाजीकडे वळल्या. आचार्य तिवईवर बसले आणि अगदी सहज विचारल्यासारखे म्हणाले, “त्या बाईंनी तुला काही विचारले असेल.”

“विचारलं.”

“काय?”

“वाचून संमती दिलीत ना, असं.”

“आणि?”

“मी होय म्हणालो.”

बाहेर खोंडाच्या गळ्यातली घुंगरे वाजत होती.

“ते ॲप म्हणाले नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही, गुरुजी.”

“मग ते काढून टाकून काय साधणार?”

शिष्याने फोन हातात घेतला, व्यापाऱ्याचे ते जुने ईमेल शोधले, तीन ठिपक्यांवर बोट ठेवले आणि घडी उलगडून सारा मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. त्याला फार वेळ लागला, आणि मध्ये दोनदा बोट सवयीने दुसऱ्याच ईमेलकडे गेले. मग त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले: ‘माझी संमती मागे घेत आहे. मी मजकूर न वाचता ती दिली होती. आवटीबाईंना आज मुक्त करू नये. बाकी समक्ष येऊन बोलतो.’ पाठवल्यावर परत घेण्याविषयी विचारणारी पट्टी पुन्हा उमटली. त्याने ती मावळेपर्यंत वाट पाहिली.

“हे दिंडीतून झाले,” आचार्य म्हणाले. “उरलेले?”

“उरलेलं जाऊनच,” शिष्य म्हणाला.

“मग जाताना या अडसराला एक हात लाव. तो खोंड अजून बाहेरच उभा आहे.”

दोघांनी मिळून अडसर काढला.

कारखान्यात पोहोचल्यावर तो व्यापाऱ्याकडे गेला नाही. आधी परीक्षणशाळेत गेला. आवटीबाई आपल्या वस्तू पिशवीत भरत होत्या: चष्म्याचे घर, चहाची वाटी, हळद चाळायची घरून आणलेली बारीक चाळण. तो दारातच उभा राहिला.

“बाई, त्या दिवशी मी होय म्हणालो ते खोटं होतं. मी वाचलं नव्हतं.”

त्यांनी चाळण पिशवीत ठेवली. “मला वाटलंच होतं.”

“कशावरून?”

“वाचून केलेलं असतं तर माणूस इतक्या लगेच होय म्हणत नाही, साहेब. थोडं तरी खाली बघतो.”

“तुम्ही जाऊ नका. मी शेठजींशी बोलून येतो,” एवढे म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला. मनात त्याने अपमानाची सर्व तयारी केली होती. व्यापारी मात्र त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिला. मग आपल्याच फोनकडे पाहून म्हणाला, “अहो, पण तो खालचा मजकूर मी कुठे लिहिला होता? त्या तपासणी संस्थेच्या माणसाने मसुदा धाडला. मी वर चार ओळी पाकिटांच्या घातल्या आणि दिला पुढे पाठवून. तुमची संमती आली म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. म्हटलं, आमचे व्यवस्थापक शब्द न् शब्द वाचतात!”

त्या मजकुराने दोन दारे ओलांडली होती, आणि दोन्ही दारांत बसलेल्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर ‘घ्या’ म्हटले होते. व्यापाऱ्याने मजकूर कागदावर काढायला सांगितले. दोघे मेजाशी शेजारी बसले आणि त्यांनी तो प्रथमच एकत्र वाचला. काही ठिकाणी वाद झाला. बाहेरच्या संस्थेकडून दुसरी तपासणी असावी, हे व्यवस्थापकालाही पटले; परीक्षणशाळा मोडावी, हे व्यापाऱ्यालाही पटेना. नवे पत्र तयार झाले. जुना निर्णय रद्द, परीक्षणशाळा चालू, आवटीबाईंनी पूर्ववत काम पाहावे ही विनंती.

हल्ली ही कथा ज्या रूपात सांगितली जाते, त्यात आचार्य दिंडीला खिळे ठोकतात आणि शिष्य फोन नदीत फेकतो. श्रोत्यांना ते आवडते, कारण फेकण्यासारखे काही सापडले की माणसाला हलके वाटते. परंतु ते खरे नाही. दिंडीला तेल मिळाले, आणि फोन शिष्याच्या खिशातच राहिला. आवटीबाईंचे जाणे वेळेवर थांबले ते त्याच फोनमुळे. शेवटाविषयीची चूक त्याहून मोठी आहे. सांगणारे म्हणतात की आवटीबाईंनी नवे पत्र आनंदाने स्वीकारले आणि दोघांना क्षमा केली. आवटीबाईंनी तसे काही केले नाही. त्यांनी चष्मा पिशवीतून पुन्हा काढला, पत्र उजेडाला धरले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या सावकाश वाचत होत्या. व्यापारी आणि व्यवस्थापक समोर उभे होते, कुणीच त्यांना बसायला सांगितले नव्हते, आणि पान उलटेपर्यंत त्या काय म्हणतील हे दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हते.